पडणाऱ्याची बाजू

जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा तातामी चटयांच्या जागेत ज्युदोची शिकवणी सुरू केली, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते आणि विद्यार्थी होते नऊ. थोड्याच दिवसांत मंदिराच्या भटजींची कुरकुर सुरू झाली. पोरं एकमेकांना आपटत, जमीन हादरे, आणि फळीवर ओळीनं मांडलेल्या मृतांच्या स्मृतिपाट्या खाली येत. जमिनीच्या फळ्या आणि वासे मोडत ते वेगळंच. मग कानो कंदील घेऊन फळ्यांखाली शिरत आणि डागडुजी करत, असं त्या काळच्या आठवणींत सांगितलं जातं. ज्युदोच्या इतिहासात पराक्रमाच्या कथांना तोटा नाही, पण मला ही साधी हकीकत त्या सगळ्यांहून जवळची वाटते. नवी विद्या काढायला निघालेला माणूस रात्री काय करत होता, तर पडणाऱ्यांच्या खालची जमीन नीट करत होता.

ज्यांनी नुकतंच ज्युदोच्या किंवा ग्रॅपलिंगच्या वर्गात नाव घातलंय, किंवा घालू की नको अशा विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. ती चाळताना एक गोष्ट खटकेल. चित्रात ज्याचा हात वर आहे, जो फेकतोय, त्याच्याबद्दल सुरुवातीची कितीतरी पानं काहीच म्हणत नाहीत. ती सगळी त्याच्या जोडीदाराबद्दल, म्हणजे जो पडतोय त्याच्याबद्दल आहेत. हे मुद्दाम केलेलं आहे. पहिलं वर्षभर तुम्ही बहुतेक वेळ याच भूमिकेत असणार आहात, आणि ती तुम्ही कशी निभावता यावर पुढचं सगळं ठरतं. वर्गात ज्याच्याबरोबर सराव करायला सगळे पुढे येतात, त्याला दिवसाला वीस जण शिकवतात. ज्याला सगळे टाळतात, त्याला फक्त सर शिकवतात, तेही हाताशी वेळ असेल तेव्हा.

पालकांची ठरलेली तक्रार असते, ‘महिना झाला, नुसतं लोळायलाच शिकवतायत.’ लोळायलाच शिकवतायत हे खरं आहे, आणि बरोबर आहे. हे लोळणं म्हणजे नेमकं काय, ते जरा जवळून पाहू. मॅटवर उकिडवे बसा. हनुवटी छातीला लावा आणि नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर ठेवा. दोन्ही हात छातीसमोर. आता पाठ गोल करून मागे जा. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात तळव्यापासून कोपरापर्यंत एकदम मॅटवर आपटा. हात अंगापासून साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांवर हवेत. ते खांद्याच्या रेषेत गेले तर हिसका खांद्याला बसतो. अगदी अंगालगत राहिले तर अंगाखाली सापडतात. नजर गाठीवर ठेवायला का सांगतात? हनुवटी आत राहावी म्हणून. हनुवटी आत राहिली की डोकं मागे झटकत नाही. उकेमीतली, म्हणजे या पडण्याच्या तंत्रातली, बाकी प्रत्येक चूक मुरगळण्यावर, खरचटण्यावर निभावते. डोक्याची चूक निभावत नाही.

हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे, कारण तोल गेला की हात पुढे टेकवायचा हे आपलं शरीर रांगत्या वयापासून शिकलेलं असतं. पुढे टेकवलेल्या ताठ हातावर सगळा भार आला की मनगट, कोपर किंवा कॉलरबोन यांपैकी एकाची पाळी येते. ही उपजत हालचाल मोडून तिच्या जागी दुसरी बसवायची, तर शेकडो वेळा पडावं लागतं. आधी बसून, मग उकिडवं, मग उभं राहून, मग चालताना, आणि शेवटी दुसऱ्यानं फेकल्यावर. यातला एकही टप्पा गाळू नका. बाजूला पडणं, म्हणजे योको-उकेमी, सगळ्यात जास्त वेळा लागतं आणि वर्गांत सगळ्यात कमी घोटून घेतलं जातं, हे माझं निरीक्षण आहे. नेदरलँड्समध्ये नायमेगनला म्हाताऱ्या माणसांना पडण्यापासून वाचवण्याचा जो कार्यक्रम आखला गेला, त्यात लढाऊ खेळांतल्या या पडण्याच्या पद्धती घेतल्या आहेत. म्हणजे एकही थ्रो आला नाही तरी ही शिदोरी पुढे चाळीस वर्षांनी न्हाणीघरात उपयोगी पडेल.

आता एक अप्रिय विषय. टाळला असता, पण प्रस्तावनेत नाही तर कुठे सांगायचा? ज्युदो ज्या देशात जन्मला, त्या जपानमध्ये 1983 नंतरच्या सुमारे तीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक मुलं दगावली. र्‍यो उचिदा या अभ्यासकानं ही आकडेवारी एकत्र करून मांडली तेव्हा तिथे मोठी खळबळ उडाली. कारण 2012 पासून माध्यमिक शाळांत युद्धकलांचं शिक्षण सक्तीचं होणार होतं. मृत्यूंत डोक्याच्या दुखापती ठळक होत्या आणि बळी पडलेल्यांत पहिल्या वर्षाची, म्हणजे नवशिकी मुलं बरीच होती. ओ-सोतो-गारी हा डाव या संदर्भात वारंवार पुढे आला. त्यात समोरच्याचा पाय बाहेरून मागे झाडला जातो आणि माणूस सरळ मागे, डोक्याच्या दिशेनं जातो. डोकं जमिनीला जोरात लागायलाच हवं असंही नाही. जोराच्या झटक्यानं मेंदू आणि कवटी यांच्यामधल्या शिरा फाटून आत रक्त साकळू शकतं. म्हणून पडल्यानंतर डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय असं कुणी म्हणालं तर त्या दिवशी त्याचा सराव संपला. डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुढच्याही दिवसांचा. ‘काही नाही होत, ऊठ’ असं म्हणणारा प्रशिक्षक कितीही पदकं मिळवलेला असो, त्याच्या वर्गातून मूल काढून घ्यावं असं मी स्पष्ट म्हणेन.

वर्ग निवडताना म्हणूनच माझा सल्ला असा, की भिंतीवरच्या प्रमाणपत्रांकडे नंतर बघा. आधी एक अख्खा तास कोपऱ्यात बसून राहा. मॅट कसल्या आहेत ते बघा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी फरशीवर एकमेकांत अडकवायच्या फोमच्या मॅट टाकलेल्या असतात. जोड सैल झाले की फटीत पायाचा अंगठा अडकतो आणि नख जातं, किंवा बोट मोडतं. फोम पातळ असेल तर त्यावर उकेमी ठीक, थ्रो नाहीत. मग माणसं बघा. पांढऱ्या पट्ट्यावाल्यांना कुणाबरोबर लावलंय? थोराड मुलगा नवशिक्याला आपटून हसतो तेव्हा सर काय करतात? सहा महिने झालेली मुलं किती टिकली आहेत? फ्रान्समध्ये जपानपेक्षाही जास्त लोक ज्युदो खेळतात, आणि तिथे पैसे घेऊन शिकवायचं तर सरकारमान्य पदविका लागते. आपल्याकडे ती गाळणी नाही, तेव्हा गाळण्याचं काम तुम्हालाच करायचं आहे.

बेल्टचं खूळ इथेच आवरून घेऊ. कोदोकानमध्ये, म्हणजे कानोंच्या मूळ संस्थेत, प्रौढ माणूस पांढऱ्यावरून तपकिरीवर आणि तिथून काळ्यावर जातो. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा ही रंगीत शिडी युरोपात रुजली. पॅरिसमध्ये 1930च्या दशकात मिकोनोसुके कावाइशी यांनी ती पद्धतशीर वापरली. हेतू चांगला होता, शिकणाऱ्याला पुढची पायरी दिसावी. आपल्याकडे काही ठिकाणी तिचं रूपांतर दर तीन महिन्यांची परीक्षा, तिची फी, प्रमाणपत्र आणि ग्रुपवर फोटो यांत झालंय. त्यात दहावी-बारावीच्या खेळाच्या वाढीव गुणांचं आमिष. मुलगा चौदा वर्षांचा, वजनगट गाठायला दोन दिवस उपाशी, आणि बाबा गॅलरीतून ओरडतायत, हे दृश्य जिल्हा पातळीच्या स्पर्धेत नवं नाही. जपानच्या ज्युदो महासंघानं 2022 मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली, ती याच असल्या अतिरेकाला कंटाळून. ज्या देशाला पदकांची आपल्याहून कितीतरी जास्त सवय आहे, त्या देशानं हे केलं, याची आपल्या पालकांनी जरा नोंद घ्यावी.

तालमीतून येणाऱ्यांसाठी वेगळं लिहायला हवं. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे या पट्ट्यातला कुणीही मॅटवर पाय ठेवतो तो मोकळ्या हातांनी ठेवत नाही. मान तयार असते, कंबर खाली बसलेली असते, आणि दुसऱ्याचं अंग अंगाला लागलं की बिचकणं नसतं. शहरी मुलाला हे एवढं यायलाच सहा महिने जातात. डावांचीही ओळख पटते. धोबीपछाड मारणाऱ्याला सेओइ-नागे परकी वाटत नाही. कलाजंग तर ज्युदोत काता-गुरुमा या नावानं आहेच, आणि तो कानोंनी कुठून घेतला ते ऐकण्यासारखं आहे. तरुणपणी फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड सहाध्यायी त्यांना काही केल्या आवरत नव्हता. आधी त्यांनी सुमोचे डाव करून पाहिले, ते चालेनात. मग ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं धुंडाळली, त्यातून खांद्यावर उचलून टाकायचा हा डाव उचलला आणि फुकुशिमाला आडवं केलं. तेव्हा ‘आमची कुस्ती आणि त्यांचं ज्युदो’ अशा भिंती घालायला इतिहासाची साथ मिळणार नाही. 1952 साली हेलसिंकीला आपल्या खाशाबा जाधवांना कांस्यपदक मिळालं, त्या बँटमवेट गटाचं सुवर्ण जिंकणारा जपानचा शोहाची इशीई मूळचा ज्युदोतला होता. युद्धानंतर दोस्तांच्या अमलात ज्युदोवर निर्बंध आले आणि तो कुस्तीकडे वळला. मातीतून मॅटवर गेलेला गोळेश्वरचा पैलवान आणि ज्युदोतून कुस्तीत आलेला जपानी, अशी ती लढत होती.

पण पैलवानांनो, तीन सवयी दाराबाहेर ठेवाव्या लागतील. एक, पट काढणं. ज्युदोच्या स्पर्धेत पायाला हात घालण्यावर 2010 मध्ये निर्बंध आले आणि 2013 पासून पूर्ण बंदी आली. सरावात सरांनी मुभा दिली तर गोष्ट वेगळी. दुसरी, पालथं पडणं. कुस्तीत पाठ लागली की चीतपट, म्हणून संकटात पैलवान आपोआप पोटावर वळतो. ज्युदोत आणि विशेषतः ब्राझिलियन जिउ-जित्सूत पोटावर वळलेल्या माणसाच्या पाठीवर स्वार होऊन मागून गळा आवळतात. वर्षानुवर्षं ज्या हालचालीनं वाचवलं तीच इथे घात करते, आणि हे पचायला वेळ लागतो. तिसरी सवय ताकदीची. मेहनत केलेला गडी नवशिक्यांत सगळ्यांना उचलून टाकू शकतो, आणि म्हणूनच त्याला बरेच दिवस काहीच शिकता येत नाही.

ताकदीचा विषय निघालाच आहे तर कुझुशीबद्दल, म्हणजे समोरच्याचा तोल काढण्याबद्दल, बोलू. थ्रोचे तीन भाग सांगतात. तोल काढणं, जागा घेणं, फेकणं. नवशिका पहिले दोन गाळून तिसऱ्यापासून सुरुवात करतो आणि दम लागला की म्हणतो, समोरचा जड आहे. कानोंचे गुरू इइकुबो हे कितो-र्‍यू या जुजुत्सूच्या, म्हणजे जुन्या जपानी झुंजविद्येच्या, परंपरेतले. फेकण्यात ते इतके तयार, की शिष्याला जुमानत नसत. 1885च्या सुमारास एक दिवस उलटंच घडलं. कानोच त्यांना पुन्हा पुन्हा फेकू लागले. गुरूंनी विचारलं, काय केलंस? कानोंनी सांगितलं, की तुम्ही हलता तेव्हा तुमचा तोल कुठे जातोय ते ओळखतो, आधी तो काढतो, मग डाव टाकतो. यापुढे मी तुला शिकवण्यासारखं काही उरलं नाही, असं गुरूंनी म्हटल्याचं कानोंनी लिहून ठेवलंय. आता हेच तुमच्या हातात कसं येईल? जोडीदाराची बाही आणि कॉलर धरून नुसतं चाला. थ्रो मारू नका. त्याचा भार डाव्या पायावरून उजव्यावर जातो तो क्षण बोटांना कळतो का बघा. पहिल्या आठवड्यात काहीच कळणार नाही, कारण पकड इतकी घट्ट असते की स्वतःच्याच दंडांचं थरथरणं तेवढं जाणवतं. करंगळी आणि अनामिकेनं धरा, अंगठा-तर्जनी सैल सोडा, कोपरं खाली आणा. मग कापडातून दुसऱ्या माणसाचं वजन कळू लागतं.

डाव किती शिकायचे? कोदोकाननं 1920 मध्ये सुधारलेल्या गोक्योत, म्हणजे थ्रोंच्या शिकवणक्रमात, चाळीस थ्रो आहेत. आज अधिकृत यादीत उभ्याने फेकण्याचे अडुसष्ट आणि जमिनीवरचे बत्तीस, मिळून शंभर डाव आहेत. पहिल्या वर्षाला त्यातले दोन थ्रो आणि एक पकड पुरे. थ्रोंमध्ये कमरेवरून घ्यायचा ओ-गोशी आणि पायाचा दे-आशी-बाराई, असा माझा कल आहे. एकात अंगाला अंग लागल्याशिवाय काही होत नाही आणि दुसऱ्यात वेळ साधल्याशिवाय. पकड म्हणाल तर केसा-गातामे. तिला बाळबोध समजू नका. 1964 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आलं, तेव्हा खुल्या गटाच्या अंतिम लढतीत हॉलंडच्या अँटोन गेसिंकनं जपानच्या आकिओ कामिनागाला याच पकडीत जखडून हरवलं आणि निप्पोन बुदोकानमध्ये शांतता पसरली. डच समर्थक आनंदानं मॅटकडे धावले, तर गेसिंकनं हात वर करून त्यांना तिथेच थोपवलं. आधी वाकून नमस्कार, मग बाकीचं. मोबाइलवर रोज नवा डाव बघून तो संध्याकाळी जोडीदारावर करून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की जगज्जेत्यालाही वर्गात पहिल्या महिन्यात शिकवली जाणारी पकड पुरली.

उचिकोमी, म्हणजे फेकण्याच्या आधीपर्यंत शंभरदा आत-बाहेर करणं, कंटाळवाणी असते. तिच्यावर जास्त लिहीत नाही. ती करा, सावकाश करा, मोजण्याच्या नादात घाई करू नका.

रँडोरीबद्दल, म्हणजे मोकळ्या झुंजीच्या सरावाबद्दल, मात्र सविस्तर. जुन्या जुजुत्सूत डोळ्यात बोट घालण्यापासून मनगट मोडण्यापर्यंत सगळं होतं आणि त्यामुळेच त्याचा पूर्ण जोरानं सराव करता येत नसे. कानोंनी घातक प्रकार वगळले, आणि जे उरलं त्यात दोघांनी मनापासून झुंजायचं असं ठरवलं. जोडीदार दुसऱ्या दिवशी धडधाकट परत यायला हवा, या एका अटीवर ही सगळी रचना उभी आहे. नवशिक्याला रँडोरी म्हणजे स्पर्धा वाटते. तो दोन्ही हात ताठ करून, पार्श्वभाग मागे टाकून, समोरच्याला जवळ येऊच द्यायचं नाही अशा बेतानं उभा राहतो. पाच मिनिटं तो पडत नाही हे खरं, पण दोघांचीही पाच मिनिटं फुकट जातात. आणि असा ताठलेला माणूस शेवटी पडतो तेव्हा वाकडातिकडा पडतो, बहुतेक वेळा फेकणाऱ्याला अंगावर घेऊन. गुडघे जातात ते इथे. थ्रो बसला आहे असं कळलं की पडा. लोंबकळू नका, हात टेकवू नका, शेवटच्या क्षणी वळून वाचायचं बघू नका. तुम्ही स्वच्छ पडलात की समोरच्याला आपला डाव कुठे बरोबर होता ते कळतं, आणि तुम्हालाही तो आतून कळतो. मला तर वाटतं, चांगला थ्रो शिकायचा सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे तो थ्रो उत्तम मारणाऱ्याच्या हातून भरपूर वेळा पडणं.

फेकणाऱ्याचीही जबाबदारी असते. थ्रो सुटेपर्यंत जोडीदाराची बाही सोडायची नाही, आणि शेवटी ती किंचित वर ओढून धरायची. तेवढ्यानं तो डोक्यावर न येता कुशीवर येतो. नवशिके स्वतःचा तोल सावरायला नेमकी तीच बाही सोडतात.

जमिनीवरच्या खेळात हीच गोष्ट टॅपच्या, म्हणजे ‘हरलो, सोड’ असं सांगणाऱ्या थापेच्या, रूपानं येते. ब्राझिलियन जिउ-जित्सूचे वर्ग आता मुंबई-पुण्यातही निघालेत आणि अनेक जण थेट तिथूनच सुरुवात करतात. त्याचं मूळ ज्युदोतच आहे. कोदोकानचा मित्सुयो माएदा जगभर झुंजत 1914 मध्ये ब्राझीलला पोचला आणि बेलेम शहरात त्यानं कार्लोस ग्रेसीला शिकवलं. पुढे 1951 मध्ये कार्लोसचा धाकटा भाऊ एलिओ आणि जपानचा मासाहिको किमुरा यांची रिओच्या माराकाना मैदानावर लढत झाली. किमुरानं खांद्याचा पेच लावला, एलिओनं हार मानली नाही, हात मोडला तरी मानली नाही, शेवटी त्याच्या बाजूच्यांनीच लढत थांबवली. तो पेच आजही ‘किमुरा’ नावानं ओळखला जातो. ही कथा वर्गांत वीरकथा म्हणून सांगतात. एलिओचं ठीक आहे, तो घराण्याच्या अब्रूची लढाई लढत होता. तुम्ही मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून थेट आलेले आहात आणि बुधवारी तुम्हाला त्याच हातानं दुचाकी चालवायची आहे.

टॅप कधी करायचा याला उत्तर आहे, आणि ते ‘दुखलं की’ हे नव्हे. कोपराच्या पेचात हात पूर्ण सरळ झाला आणि सुटायची वाट दिसेना, की टॅप. दुखेपर्यंत थांबलात तर अस्थिबंध ताणला गेलेला असतो. पाय पिळण्याच्या पेचांत, विशेषतः टाच धरून गुडघा वळवणाऱ्या पेचात, वेदना येण्याआधीच गुडघ्याचं नुकसान झालेलं असू शकतं. म्हणून नवशिक्यांनी त्या वाटेला जाऊच नये. ज्युदोत तर कोपर सोडून इतर कुठल्याच सांध्यावर पेच लावायला परवानगी नाही. गळा आवळण्याचं शास्त्र आणखी वेगळं. नीट लागलेला चोक श्वासनळी दाबत नाही, मानेच्या दोन बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबतो. श्वास चालू असतो, फारसं दुखत नाही, आणि दहाएक सेकंदांत शुद्ध जाते. अजून तग धरता येईल असं वाटत असतानाच दिवे मालवतात. टॅप जोडीदाराच्या अंगावर करा, दोनदा, जोरात, त्याला जाणवेल असा. हात अडकले असतील तर पायानं मॅटवर, नाहीतर तोंडानं. आणि समोरच्यानं टॅप केला की त्या क्षणी सोडा. सरांच्या शिट्टीची वाट बघू नका. लहान मुलांच्या वर्गात पेच आणि चोक नसतातच. जपानमध्येही प्राथमिक शाळेच्या वयाला दोन्हींना बंदी आहे. कुणी आठ वर्षांच्या पोराला चोक शिकवत असेल तर त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

दुसऱ्याची काळजी कपड्यांतही दिसते. नखं कापलेली हवीत, हातांची आणि पायांचीही. मॅटवरून उतरलं की चप्पल, विशेषतः बाथरूमला जाताना. ज्युदोगी, म्हणजे सरावाचा पोशाख, दर वेळी धुतलेला हवा, आणि इथे आपल्या हवेची अडचण येते. जुलै महिन्यात जाड विणीचा गी दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि तसाच दमट अंगात घातला की अख्ख्या वर्गाला कळतं. दुहेरी विणीचा महागडा गी स्पर्धेसाठी राहू द्या. रोजच्यासाठी पातळ, एकेरी विणीचे दोन घ्या, पहिल्या धुण्यात आटतात म्हणून एक माप मोठे. आणि घालताना डावी बाजू उजवीवर यायला हवी. उलटं जपानमध्ये मृताला नेसवतात. त्वचेवर गोल, लालसर, खाजणारा चट्टा दिसला तर तो नायटा आहे असं समजून मॅटपासून लांब राहा आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. औषधाच्या दुकानातून ‘खाजेचं मलम’ आणून लावण्याची आपल्याकडे फार सवय आहे. त्यातल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं. त्यानं खाज थांबते, चट्टा फिका होतो, आणि बुरशी आतल्या आत पसरत जाते. तुमच्या एका नायट्यापायी महिनाभरात निम्मा वर्ग खाजवत बसल्याची उदाहरणं आहेत. कान सुजला तरी हेच, दोन दिवसांत दाखवा. साकळलेलं रक्त वेळीच काढलं नाही तर कान कायमचा चेपतो. तालमीत चेपलेल्या कानाची ऐट असते हे मला माहीत आहे. ज्याला ऐट हवी त्यानं खुशाल ठेवावा.

माझं वय झालं, मी बाई आहे, माझं अंग जाड आहे, हे प्रश्न फोनवर फार येतात. कोदोकानमध्ये स्त्रियांचा विभाग 1926 मध्ये निघाला. आपल्या देशात रवींद्रनाथ ठाकुरांनी 1929 मध्ये शिंझो ताकागाकी यांना शांतिनिकेतनात बोलावलं तेव्हा तिथे मुलीही शिकत होत्या. कानोंच्या दुसऱ्या एका गुरूंची नात केइको फुकुदा पाच फुटांहूनही ठेंगणी. 2011 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, अमेरिकेतल्या संघटनेनं त्यांना काळ्या पट्ट्याचा दहावा डान दिला. 2024च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये मध्य प्रदेशच्या कपिल परमारनं 60 किलो गटात कांस्य मिळवलं. या खेळात भारताचं ते पहिलंच पॅरालिंपिक पदक. दृष्टिहीनांच्या ज्युदोत नियमाचा फरक थोडाच आहे. लढत सुरू होतानाच दोघांनी एकमेकांना धरलेलं असतं. पुढचं सगळं पकडीतून कळतं. डोळस माणसानंही अधूनमधून डोळे मिटून सराव करावा. समोरच्याचा खांदा बघून डाव ओळखण्याची लबाडी बंद होते. तेव्हा वयाचा आणि अंगाचा प्रश्न राहू द्या. जुनं गुडघ्याचं, कमरेचं, मानेचं दुखणं असेल तर मात्र ते पहिल्याच दिवशी सरांना सांगा, आणि ज्याच्याबरोबर सराव करणार त्यालाही प्रत्येक वेळी सांगा. लाजून गप्प राहिलात तर तो बिचारा नेमक्या त्याच गुडघ्यावर पाय घालेल.

पुस्तिका कशी वापरायची ते सांगून थांबतो. उकेमीची प्रकरणं घरी वाचली तरी घरी करून पाहू नका. गादीवर पडण्यानं हात आपटायची वेळ चुकते आणि फरशीवर पडण्यानं काय होतं ते सांगायला नको. थ्रोंची प्रकरणं वर्गात तो थ्रो शिकवून झाल्यावर वाचा, आधी नको. सरांनी वेगळं सांगितलं असेल तर सरांचं ऐका, कारण ते तुम्हाला पाहत आहेत आणि मी पाहत नाही. शेवटच्या प्रकरणात स्पर्धेचे नियम दिले आहेत, पण ते दर काही वर्षांनी बदलतात. युको हा गुण 2017 मध्ये गेला आणि 2025 मध्ये परत आला. स्पर्धेला जायच्या आधी त्या वर्षीचं नियमपत्रक मिळवून वाचा, आणि हे पान पुढे करून पंचांशी हुज्जत घालू नका.